उष्टी फुलं

बाई कुणाच्याही लग्नाला गेल्या की जेवणाआधी दारावरच्या माळा हुंगायच्या. एखाद्या फुलापाशी थांबून म्हणायच्या, "इथे आपली मंडळी आहेत, बिल्कुल!" मंडळी म्हणजे यीस्ट. फुलातल्या मधावर जगणारं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं एक घराणं. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मी बाईच म्हणायचे. त्या माझ्या पीएचडीच्या गाईड.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. यवतमाळकडून आले, दिल्लीत मुनिरक्यात खोली घेतली. विषय मिळाला सावरीच्या फुलांतलं यीस्ट. सावर म्हणजे इथला सेमल, वर्षातून जेमतेम महिनाभर फुलणारा. पहिल्या वर्षी यीस्ट वाढवायच्या माझ्या सगळ्या प्लेटा कोऱ्या राहिल्या. दुसऱ्या वर्षीही तेच. फुलं संपत आली होती, आणि आता काही उगवलं नाही तर फेलोशिप बंद, मी परत गावी.

बाई म्हणाल्या, "चल, तू फुलं कशी तोडतेस ते बघू." मी माळ्याच्या शिडीवर चढून एक ताजं, नुकतं उमलतं फूल निवडलं. शेजारच्या फुलात मैना चोच खुपसून बसली होती.

"ते का नाही घेत?"

"ते उष्टं आहे ना, बाई."

"अगं, पूजा मांडलीयस की संशोधन?" बाई इतक्या हसल्या की माळी धावत आला. मग डोळे पुसत म्हणाल्या, "कळीतला रस कोरा असतो गं. पहिली चोच लागते, पहिला भुंगा बसतो, तेव्हा ही मंडळी येतात. उष्ट्यातच यांचा संसार."

हुंगलेलं फूलसुद्धा देवाला चालत नाही, असं आई सांगायची. ते मी थेट दिल्लीपर्यंत आणलं होतं.

मैनेच्या त्या फुलातला एक थेंब प्लेटवर पसरला. तिसऱ्या दिवशी पांढरे ठिपके उठले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर एका पेशीला कोंब फुटत होता. तिच्याशेजारी चार पेशी अशा जुळलेल्या, की हुबेहूब विमान.

"भुंगेऱ्याच्या पोटात हेच घराणं," बाई हळूच म्हणाल्या, "समुद्रातल्या बारीक झिंग्यांतही हेच. आणि आपल्याला वाटतं, दिल्लीत गर्दी काय ती आपलीच!"

माझ्या अंगावर काटा आला होता. अजूनही येतो.

या मार्चमध्ये बाई गेल्या. दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या त्यांच्या घरी सगळ्यांनी टवटवीत पांढरी फुलं आणली होती. मी वाटेत सेमलखाली बराच वेळ शोधत राहिले. चोच मारलेलं, आत मुंगी फिरणारं एक मिळालं, ते त्यांच्या पायांशी ठेवलं.

शेजारच्या काकू कुजबुजल्या, "अगं, उष्टं आहे ते."

"हो काकू," मी म्हटलं, "बघूनच आणलंय."