भिंतीपलीकडचं इंटरनेट

वडवणीत आम्हा दोघा भावांची घरं एकाच भिंतीला लागून. कापडाचं दुकान सामाईक. त्या वर्षांत बाजारात रोज काहीतरी नवं येत होतं. धाकट्यानं लॅपटॉप घेतला, पाठोपाठ बिनतारी इंटरनेटचा डबाही आणला. माझा कॉम्प्युटर जुना. त्याला सिग्नल धरणारं छोटं यंत्र लावलं, तरी डब्याशी जुळेना. एका रविवारी दोघंही खटपटीला बसलो. डब्याच्या सेटिंगमध्ये ‘जुनी आणि नवी, दोन्ही यंत्रं’ निवडलं, पासवर्ड म्हणून वडलांचं नाव टाकलं, आणि हैदराबादहून लेकीनं पाठवलेला नातवाचा फोटो माझ्या पडद्यावर हळूहळू उमटला. बायको पदरानं हात पुसत आली ती तिथंच उभी राहिली.

पुढं रोज दुपारी ती नवा फोटो आलाय का बघायची. मग एक दिवस इंटरनेट बंद पडलं. माझ्याच मशीनवर.

“तुझं मशीन म्हातारं झालंय दादा,” धाकटा म्हणाला. “माझ्याकडं सगळं ठीक हाय.”

मी कॉम्प्युटर बसमध्ये मांडीवर घेऊन बीडला नेला. दुरुस्तीवाल्याला काही सापडलं नाही. मग सिग्नल वर चांगला मिळेल म्हणून ते छोटं यंत्र लांब वायरीनं झरोक्यात बांधलं. मी वर चढलो तेव्हा खाली शिडी धाकट्यानं धरली होती. “जपून,” म्हणत होता.

एकदा तो माल आणायला मांजरसुंब्याला गेला. मी भावजयीला विचारून त्याच्या लॅपटॉपवर डब्याचं सेटिंग उघडलं. तिथं ‘फक्त नवी यंत्रं’ असं होतं. ते आपोआप बदलत नाही.

मी लॅपटॉप मिटला आणि ओट्यावर त्याची वाट बघत बसलो.

“कावून केलंस?”

तो चप्पल काढता काढता थांबला. “तुझ्या मशीनपायी माझं लई हळू चालायचं.”

“मग सांगायचं होतंस.”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“आन् शिडी धरलीस ती?”

तो चप्पल तशीच टाकून आत गेला. दुकानात आम्ही एकाच गादीवर बसत राहिलो, गिऱ्हाइकांसमोर हसतही होतो, पण तो काही सांगू लागला की हे खरं असेल का, असं मनात यायचं. तसं आधी कधी आलं नव्हतं.

मी इंटरनेटची स्वतःची लाइन घेतली, तोवर नातवाला दात आले होते.

पुढच्या पावसाळ्यात वीज कडाडली आणि त्याचा डबा जळाला. तो दारात आला, माझ्या बायकोकडं बघत म्हणाला, “वहिनी, दोन-चार दिवस तुमचं वापरू का?”

तिनं पासवर्ड सांगितला. मी सांगितला नसता.