प्रभाकररावांची चिमूट

हिंगणघाटच्या बाजारात प्रभाकरराव कापसाचे ग्रेडर होते. गाडीतून चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांनी ताणायचा आणि तिथल्या तिथे निकाल द्यायचा: ओला, कवडी म्हणजे किडका-डागी, नाहीतर चांगला. बत्तीस वर्षांत 'पाहू' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. पाहू म्हणणारा ग्रेडर त्यांच्या लेखी बिनकामाचा. शेतकरी भांडायचे, शिव्याही घालायचे, पण चिमूट चुकली असं कुणी म्हटलं नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या डोक्यात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग तीस दिवस रेडिएशनचा शेक. केस गेले, गाठ गेली, सुलोचनाबाईंनी देवापुढे नारळ फोडला. आणि यंदा पोळ्याच्या सुमारास नवऱ्याच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. शर्टाची बटणंही त्याच लावून देऊ लागल्या.

वर्ध्याच्या दवाखान्यात एमआरआय झाला. गाठीच्या जागी पांढरा डाग दिसला. डॉक्टरीणबाई रोखठोक होत्या. म्हणाल्या, "गाठ परत आली असेल, किंवा शेकानं तिथला मेंदू जळाला असेल. या फोटोत दोन्ही सारखंच दिसतं."

"मंग फरक कसा कराचा?" प्रभाकररावांनी विचारलं.

"तिथला रक्तपुरवठा बघून. वेगळा फोटो काढावा लागेल. जिवंत गाठ रक्त ओढते, जळालेली जागा ओढत नाही."

हे प्रभाकररावांना पटलं. हीही चिमूटच की. नागपूरला जाऊन त्यांनी तो फोटो काढला. मशिनीत पडल्या पडल्या ते देवाकडे एकच मागत होते, जळालेलं निघू दे. आपलाच मेंदू जळाला असावा म्हणून माणसानं नवस बोलावा, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

निकाल घेऊन ते वर्ध्याला आले. डागाच्या एका कडेला रक्त जास्त होतं, बाकी जागी नव्हतं.

"थोडं हे, थोडं ते असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुई घालून तुकडा काढावा, तर वाचा जायची भीती आहे. सूज उतरायच्या गोळ्या देते. दोन महिन्यांनी परत फोटो काढू, मग पाहू."

परतताना एसटीत प्रभाकररावांच्या मनात एकच घोळत होतं. गाठ असली तर ती दोन महिने थोडीच थांबणार होती?

दसऱ्यानंतर महादेवराव भेटायला आले. बाजारात वीस वर्षं दोघं शेजारी उभे राहिलेले. जीव रमावा म्हणून त्यांनी पिशवीतून कापूस आणला होता.

"यंदाचा पयला माल हाय, भाऊ. कसा हाय, तुमीच सांगा."

प्रभाकररावांनी चिमूट घेतली, ताणली, पुन्हा ताणली. बोटं काहीच सांगेनात. कापूस कधी खाली पडला तेही त्यांना कळलं नाही. सुलोचनाबाईंनी तो उचलून त्यांच्या हातात दिला.

"दोन महिन्यांनी घेऊन येजा," ते म्हणाले. "मंग पाहू."

महादेवराव हसायला लागले, आणि प्रभाकररावांच्या तोंडाकडे बघून मध्येच थांबले.