व्हिला नंबर चौदाचे राष्ट्राध्यक्ष

आमच्या कंपाउंडमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. सौदीतल्या दम्मामच्या दमट हवेत खिडकीतल्या एसीखाली बादली ठेवली की पाणी आपोआप साठतं ना, तसं आहे ते. सकाळी ओतून द्या, संध्याकाळी बादली परत भरलेली! आज म्हटलं, सगळ्यांचं राहू दे, एकाच माणसाची बादली एकदाची रिकामी करू.

मी रुबीना, मूळची दापोलीकडची. इथल्या एका खासगी हॉस्पिटलात डायलिसिसची सिस्टर-इन-चार्ज. नवरा सलीम कार्गोच्या ऑफिसात. आणि तो माणूस म्हणजे आमच्याच हॉस्पिटलातले भूल देणारे डॉक्टर देवस्थळी. ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांना इंजेक्शन लागतं. बाहेर नुसतं बोलूनही भागतं!

बोलण्याचा विषय एकच. अमेरिकेचा अध्यक्ष, त्याचे अधिकार, आणि ते कसे कमी केले पाहिजेत. अमेरिकेत यांचं कोणी नाही, मत नाही, साधा ट्रान्झिटसाठीही कधी तिथला विमानतळ बघितलेला नाही. पण तिथल्या निवडणुकीचा ताप यांच्या अंगात वर्षभर आधीच चढलेला असतो.

*

शुक्रवारी सकाळी त्यांच्या व्हिला नंबर चौदामध्ये आम्ही दहा-बारा जण जमायचो. मिसळ खायची आणि मोठ्या टीव्हीवर अमेरिकेतल्या दोन उमेदवारांच्या डिबेटचं रेकॉर्डिंग बघायचं. बघायचं म्हणजे काय, रिमोट डॉक्टरांच्या हातात! उमेदवाराने तोंड उघडलं की डॉक्टर पॉज दाबणार आणि पाच मिनिटं समजावणार. प्ले. अर्धं वाक्य. पॉज. तो बिचारा उमेदवार बोट वर करून, तोंड उघडं टाकून पडद्यावर तसाच लटकलेला.

शेवटी आमचे सलीम पाव बाजूला ठेवून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, त्यांना थोडं बोलू द्या ना. निवडणुकीला ते उभे आहेत."

सगळे हसले. डॉक्टरांनी सलीमकडे असं बघितलं, जणू त्यांना भूल द्यायची राहूनच गेली होती.

मिसळ करायची ती वर्षा, डॉक्टरांची बायको. लग्नाआधी मिरजेच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची, हे मला तिच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेल्यावर कळलं, तेही भांडी विसळताना. बाहेर हॉलमध्ये नवरा राज्यघटना सांगतोय आणि जिने ती शिकवलेली, ती आत रस्सा ढवळतेय! मी तिला म्हटलं, "तू का नाही जाऊन बसत?" तर म्हणाली, "तिथे बसायला लागतं, रुबीना. बोलायला मिळत नाही."

*

आमचं एक मराठी मंडळ आहे. पाटी नाही, नोंदणी नाही, संक्रांतीला तिळगूळ आणि महाराष्ट्र दिनाला पुरणपोळी, एवढाच कारभार. पण त्याला घटना आहे! डॉक्टरांनी स्वतः लिहिलेली. त्यात ठळक अक्षरांत कलम, 'कोणीही व्यक्ती दोन टर्मपेक्षा जास्त काळ अध्यक्ष राहणार नाही.' आम्ही टाळ्या वाजवल्या. पहिले अध्यक्ष अर्थातच डॉक्टर.

दोन टर्म झाल्या. तिसऱ्या वेळीही डॉक्टरच उभे. आमच्या बायोमेडिकलमधल्या कदमने विचारलं, "सर, ते दोन टर्मचं?"

"पहिली कोरोनात गेली," डॉक्टर म्हणाले. "ती धरायची नसते."

कदम चिवट माणूस. तो म्हणाला, "मग निदान अध्यक्षाच्या अधिकारांवर काहीतरी मर्यादा ठरवू या."

"अगदी बरोबर!" डॉक्टर खूश झाले. "मर्यादा हव्यातच. मी ठरवतो आणि कळवतो!"

आणि याच कदमने पुढे पुरणपोळीच्या जेवणानंतर ग्रुपवर 'कटाची आमटी जरा पातळ होती' एवढंच लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी तो ग्रुपबाहेर! अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर डॉक्टरांचा मोठा लेख आला, तो त्याच संध्याकाळी. कदमला पुढच्या जेवणाचा पत्ता जिन्यात आलेल्या फोडणीच्या वासावरून लागला.

*

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण मग वर्षाला मिरजेहून मेल आली.

तिच्या जुन्या कॉलेजात कायमची जागा निघाली होती. तिने गुपचूप अर्ज केलेला, आणि मुलाखतीला बोलावणं आलं. स्वतः हजर राहायचं, ऑनलाइन चालणार नाही. वर्षाने मला ती मेल दाखवली. "या वयात परत नाही येणार गं हे बोलावणं," म्हणाली.

आता इथली रीत सांगते. नोकरीवाल्याचा कफील, म्हणजे इथला जामीनदार, त्याची कंपनी, पण नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, आलेल्या बायकोचा कफील तिचा नवरा. तिला देशाबाहेर जाऊन परत यायचं तर एक्झिट री-एंट्री व्हिसा लागतो, आणि तो निघतो नवऱ्याच्या मोबाइलमधून. ऑफिस नाही, रांग नाही. ॲप उघडायचं, नाव निवडायचं, बटण दाबायचं. मिनिटाचं काम आहे. पण बोट नवऱ्याचं.

वर्षाने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बघू."

झालं! त्या 'बघू'वर दिवस जायला लागले. फोन उशीखाली, फोन कोटाच्या खिशात, फोन बाथरूममध्येसुद्धा बरोबर. त्याचं कारण आम्हाला सगळ्यांना कळत होतं. ती गेली, निवडली गेली, तर मिरजेलाच राहणार. मग सकाळचा डबा, संध्याकाळची आमटी आणि शुक्रवारची मिसळ कोण करणार? हे तोंडाने म्हणायची मात्र डॉक्टरांची हिंमत नाही.

*

वर्षा फारच हट्ट धरून बसल्यावर डॉक्टरांनी घरातल्या घरात मतदान ठेवलं. हे मला त्यांच्या मुलीने, अन्वीने सांगितलं. इंडियन स्कूलमध्ये आठवीला आहे, आईबापांशी इंग्लिशमध्येच भांडते.

वर्षा आणि अन्वी जाण्याच्या बाजूने, डॉक्टर विरुद्ध. दोन विरुद्ध एक. डॉक्टर म्हणाले, "अध्यक्षाला व्हेटो असतो. मी व्हेटो वापरतो."

यांचीच भाषणं ऐकून वाढलेली पोरगी ती! ताडकन उठली. "बट टू-थर्ड्स कॅन ओव्हरराइड इट, बाबा! अँड वुई आर टू-थर्ड्स!"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "अठराच्या आतल्यांना मत नसतं. झोप जा."

*

मग मला राहवेना. ऑपरेशन थिएटरबाहेर डॉक्टर एकटे चहा पीत उभे दिसले, तशी मी गेले आणि सरळ विषय काढला. म्हटलं, "डॉक्टर, वर्षाच्या व्हिसाचं काय करताय? मुलाखत जवळ आली."

"रुबीना, तुझा गैरसमज झालाय," ते अगदी गोड आवाजात म्हणाले. पेशंटला आकडे मोजायला सांगतात ना, तोच आवाज. "वर्षा पूर्ण स्वतंत्र आहे. मी तिला कधी नाही म्हटलंय का?"

"नाही ना? मग हो म्हणा!"

"हे बघ, एकट्या माणसाने असं फटकन हो म्हणून टाकायचं, यालाच हुकूमशाही म्हणतात."

या अल्ला! मी तोंडाला मास्क लावला आणि निघून आले. मास्कच्या आत काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

वॉर्डात येऊन मी तणतणत होते, तर आमच्या रिसेप्शनवरच्या नूराने विचारलं काय झालं. नूरा इथलीच, सौदी मुलगी. विकेंडला स्वतः गाडी काढते आणि मैत्रिणींबरोबर पुलावरून बहारीनला जाऊन कॉफी पिऊन येते. तिला मी मोडक्या अरबीत आणि इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली.

"सिस्टर," ती म्हणाली, "माझे आजोबासुद्धा आता असं करत नाहीत. आणि ते तर कुठे लोकशाहीवर भाषणं देतात?"

मला माझ्याच माणसांची इतकी लाज क्वचित वाटली असेल. अमेरिकेतल्या कुठल्या अध्यक्षाने किती फर्मानं काढली, याचा हिशेब मागायला हे पुढे. घरात स्वतः रोज एक फर्मान काढतात, ते कोणी मोजायचं?

*

मुलाखत पुढच्या गुरुवारी होती. त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी मंडळाचा कार्यक्रम ठरला. विषय, 'राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारांच्या मर्यादा'. वक्ते, अध्यक्ष. आभार, अध्यक्ष! डॉक्टरांच्याच हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, चाळीसेक माणसं आली, कारण भाषणानंतर कोंबडी-वडे होते. कदमलाही त्या दिवसापुरता माफ करून बोलावलेला. त्याच्या ओळखीने प्रोजेक्टर मिळणार होता ना!

वर्षा सकाळपासून स्वयंपाकघरात होती. ती हात पुसत येऊन पुढच्या रांगेत माझ्या शेजारी बसली. डोळे सुजलेले. "आज शेवटचं विचारलं," हळूच म्हणाली. "म्हणाले, भाषण होऊ दे, मग बघू."

एवढ्यात डॉक्टर सूट घालून आले आणि त्यांनी स्वतःचा फोन अनलॉक करून तिच्या हातात ठेवला.

"रेकॉर्ड कर. आडवा धर. सगळं भाषण यायला हवं, मला ते यूट्यूबवर टाकायचंय. आणि हात हलवू नकोस!"

"बरं," वर्षा म्हणाली.

भाषण सुरू झालं. सभ्य स्त्री-पुरुष हो, नागरी स्वातंत्र्य, सत्तेचं विभाजन, सगळं आलं. वर्षाने फोन दोन्ही हातांनी आडवा धरला होता. चार-पाच मिनिटं झाली असतील. मी सहज बाजूला बघितलं. फोन आता उभा होता आणि पडद्यावर डॉक्टर नव्हते. ते व्हिसाचं हिरवं ॲप होतं.

त्या ॲपचा पासवर्ड वर्षालाच पाठ. इतकी वर्षं घरातल्या सगळ्यांचे इकामे रिन्यू करायचं काम तिच्याच गळ्यात होतं, नवरा फक्त कोड आला की सांगायचा. आणि कोड आता तिच्याच हातात येणार होता.

वर डॉक्टर रंगात आले होते. "मित्रहो, कोण कुठे जाणार, कोण कुठे थांबणार, हे एका माणसाच्या बोटावर अवलंबून असता कामा नये!" आणि त्यांनी ते बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

वर्षाने मान डोलावली. खरंच डोलावली! डॉक्टरांना तेवढंच पुरे होतं. ते तिच्याकडे बघूनच बोलायला लागले, आणि ही बाई त्यांच्या नजरेला नजर देऊन अंगठा चालवतेय! फोन हातात थरथरला. कोड आला असणार. मी पदर सावरायच्या निमित्ताने पुढे वाकले आणि मागच्यांना फोन दिसणार नाही अशी बसले. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मी मनातल्या मनात दुआ मागत होते की या माणसाचं भाषण लवकर संपू नये. आयुष्यात पहिल्यांदाच!

भाषण संपलं. टाळ्या झाल्या. वड्यांची ताटं फिरायला लागली. डॉक्टरांनी घाम पुसला, फोन परत घेतला आणि कदमला म्हणाले, "प्रोजेक्टरवर लाव रे, बघू कसं आलंय." कदमने लावलं. पडद्यावर भले मोठे डॉक्टर उभे राहिले, बोलायला लागले, आणि नागरी स्वातंत्र्यापाशी येऊन व्हिडिओ संपला.

"वर्षा!" डॉक्टर ओरडले. "हे काय? पाच मिनिटांचंच आहे! बाकीचं भाषण कुठे गेलं?"

सगळे वळून बघायला लागले. वर्षा रश्श्याचं भांडं घेऊन उभी होती. तिने ते नीट टेबलावर ठेवलं. तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

"बाकीच्या वेळात तुम्ही मला व्हिसा दिलात. एक्झिट री-एंट्री. मेसेज आला असेल बघा तुम्हाला. मंगळवारचं तिकीट काढतेय मी, गुरुवारी मिरजेला मुलाखत आहे."

डॉक्टरांनी फोनकडे बघितलं. वाचलं. परत वाचलं. चेहरा पांढरा, मग लाल.

तेवढ्यात मागून कदमने टाळी वाजवली. मग सलीमने. मग मी, मग सगळ्या बायका, मग ज्यांना काहीच कळलं नव्हतं ते पुरुषसुद्धा. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

डॉक्टरांनी त्या ऐकल्या. फोन खिशात टाकला, दोन्ही हात जोडले, आणि सगळीकडे वळून वळून मान झुकवत म्हणाले, "थँक यू... थँक यू!"