खिडकीपर्यंतचं पाणी

लेकीने नागपूरहून ऑर्किडचं झाड आणलं, तेव्हा मी आधी तिच्यावरच डाफरले. घरात एक आजारी माणूस आहे, त्यात हे आणखी एक दुखणं कुठे ठेवू? मग फुलं नीट पाहिली आणि कुंडी खिडकीत ठेवली. पांढरी, पाकोळीने पंख पसरावेत तशी.

आजारी माणूस म्हणजे माझे यजमान. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली, म्हणून आम्ही दिघोरीची शेती बटईने, वाट्यावर कसायला दिली आणि भंडाऱ्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, चालतील तरच पाय सुधारेल, पडून राहिले तर कायमचा जाईल. पण जन्मभर शेताच्या धुऱ्याबांधावरून चाललेल्या माणसाला घरात येरझारा घाला म्हटलं की राग यायचा.

"चालून जाऊ कुठी? इथं का धानाची बांधी हाये मायी?" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. मी चिडायचे, रडायचे, शपथा घालायचे. ढिम्म हलत नसत.

एका सकाळी मी झाडाला कपभर पाणी देत होते, तर बाजेवरून आवाज आला, "येवढ्याशा पान्यानं काय होते? सर बाजूला."

ते उठले. माठातून लोटा भरला, डाव्या हातात धरला आणि उजवा पाय ओढत खिडकीपर्यंत गेले. मी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी काही बोलले असते तर ते परत बसले असते.

अख्खा लोटा त्यांनी कुंडीत रिता केला. खालून पाणी गळतंय हे पाहून दुसऱ्या दिवशी भोकांत चिंध्या कोंबल्या. धानवाला माणूस, बांधीतलं पाणी वाहून जाताना बघणं त्याला जमायचंच नाही.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती ओरडली, "आई, आठ दिवसांतून एकदा! रोज देल्लं तं मुळं सडतीन. बाबाले सांग."

सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. पाणी नको म्हटलं तर ते उठणार कशाला? खोटं कशाला बोलू, त्या झाडाचा मला लळा लागला होता. पण झाड की नवरा, याचा फार विचार करावा लागत नाही. सडलं तर सडू दे, म्हटलं. तरी जीव राहीना. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी चिंध्या काढायचे, कुंडी तिरपी करून पाणी ओतून टाकायचे आणि चिंध्या पुन्हा जागच्या जागी. या वयात स्वतःच्याच घरात चोरी!

हिवाळा सरला. फुलं गळली, पानं मात्र घट्ट राहिली. लोटा रोज जायचा. फरफटणारा पाय हळूहळू उचलला जाऊ लागला. पुढे पुढे कुंडीतून पाणी क्वचितच निघे, चिंध्याही कधी नाहीशा झाल्या कळलं नाही. मला वाटलं, ऊन वाढलंय, झाडच पिऊन टाकत असेल. घराघरांत कूलर बाहेर निघाले होते.

अशातच एकदा चालता चालता त्यांचा तोल गेला. मी धावले, एका हाताने त्यांना सावरलं, दुसऱ्याने लोटा धरला. हातात आला तो हलका. आत थेंबही नव्हता.

"पानी कुठी हाये?" मी विचारलं.

"मुळं हिरवी हायेत अजून. पांढरी पडली का मंग देईन." कुंडी आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकची होती, मुळं बाहेरून दिसायची. रोज जवळ जाऊन बघणाऱ्याला ते आपोआप उमगलं होतं. "रोज देल्लं तं सडन ना थे."

"मंग रिकामा लोटा घेऊन कायले जाता रोज?" माझा आवाज चढलाच.

त्यांनी भिंतीचा आधार घेतला. मग म्हणाले, "मी उठलो का तू हातातलं काम टाकून दारात येऊन उभी रायतेस. तोंडाले पदर लावून. मी तिथं पोचलो का तुया जीव भांड्यात पडते. मले तं चालाचा अजूनई कंटाळाच हाये."

मी लोटा त्यांच्या हातात परत दिला आणि दारात जाऊन उभी राहिले.