सोळा बाय वीसचा डावा कोपरा

चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात आम्ही अमेरिकेत मुलाच्या घरून, सांता क्लाराहून, एका ओसाड गावाकडे निघालो. माझ्या मांडीवर नवी वाइड अँगल लेन्स होती आणि गाडी चालवणाऱ्या सतीशच्या, म्हणजे मुलाच्या, तोंडी एकच विषय. "बाबा, साताऱ्याचा स्टुडिओ सेल करून टाका. आई गेल्यावर तिथे एकटे काय करणार?"

निर्णय मी लेन्सवर सोडला होता. लग्नाच्या ग्रुप फोटोत माझी जुनी लेन्स कडेच्या माणसांचे चेहरे पुसट करून टाकायची, आणि त्यांची बोलणी मी खायचो. ही लेन्स कोपऱ्यापर्यंत स्वच्छ निघाली तर परत जायचं, नाहीतर सतीशचं ऐकायचं. छोट्या प्रिंटवर कुठलीही लेन्स गुणी दिसते. पारख करायची ती सोळा बाय वीस इंचांवर.

डोंगर चढल्यावर एका डायनरमध्ये (रस्त्याकडेच्या खानावळीत) सफरचंदाचं सारण भरलेला गरम 'पाय' खाल्ला. कुठे निघालो ते ऐकून मालकीणबाई म्हणाल्या, "त्या गावातलं काही उचलू नका. खिळासुद्धा नाही. उचलणाऱ्याला शाप लागतो." सतीश हसला. मला काही हसू आलं नाही.

खाणी संपल्यावर माणसांनी सोडलेलं ते गाव. दुकानांत डबे तसेच, शाळेच्या फळ्यावर अर्धवट बेरीज. वारा सणसणत होता, पण एकही दार वाजत नव्हतं.

"विंड किती आहे! मी कारमध्येच वेट करतो, बाबा," म्हणून सतीश मागे राहिला.

फळ्या ठोकलेली एक लांब भिंत परीक्षेला अगदी योग्य होती. ऊन पाठीवर घेऊन कॅमेरा लावला. लेन्सचं झाकण काढलं आणि सवयीने डावीकडे धरलं. तीस वर्षं ते सुमन घ्यायची, माझी बायको. मी बटण दाबलं आणि त्याच क्षणी झाकण हातातून गेलं, कुणी अलगद घ्यावं तसं. वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. सतीशला हाक मारली. दोघांनी माती चाळली, झाकण मिळालं नाही.

सांता क्लाराला हौशी मंडळींच्या क्लबात डार्करूम मिळाली. छोट्या प्रिंटमध्ये खाली डावीकडे नुसता डाग होता. मोठा कागद रसायनात सोडला. फळ्या उमटल्या, चारी कोपऱ्यांत लाकडाची रेघन् रेघ. खाली माझी सावली, डावा हात लांबवलेली. वाइड अँगलने चुकून तीही घेतली होती. मग शेजारी दुसरी सावली उमटली. माझ्या खांद्याएवढी, पदर वाऱ्यावर, हात माझ्या हाताखाली धरलेला.

खोटं कशाला बोलू, मी घाबरलो. कागद वाळल्यावर सतीशला दाखवला.

सतीशने तो उजेडात धरला. "बाबा, तुम्ही हाक मारेपर्यंत मी कारमधून उतरलोच नव्हतो."

"माहीत आहे."

स्टुडिओचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. परतीचं तिकीट त्यानेच आणलं.

आता साताऱ्यात कडेची माणसंही स्वच्छ येतात. नवं झाकण मी घेतलेलं नाही. फक्त ग्रुप फोटोच्या वेळी माझ्या डाव्या हाताला कुणी येऊन उभं राहिलं, तर मी त्याला सरकायला सांगतो.