साडूंचं उमय्या घराणं

इतिहासापासून माणूस काही शिकत नाही, असं मोठमोठे लोक म्हणतात. या लोकांची माझ्या साडूंशी गाठ पडलेली नाही. आमचे साडू इतिहासापासून इतकं शिकले, की शेवटी ताईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं आणि माझ्या थोरल्या मेहुणीनं, जेवणाच्या टेबलावर इतिहासाला बंदी घातली. बरं, इतिहास तरी कुठला? शिवकाळ नाही, भोसल्यांचं नागपूर नाही. थेट तेराशे वर्षांपूर्वीचं, दमास्कसच्या खलिफांचं उमय्या घराणं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसानं आयुष्यभर पावसाच्या नोंदींपलीकडे काही वाचलं नव्हतं. पण गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात आठवडाभर पडून राहावं लागलं आणि शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांनी वेळ घालवायला एक जाडजूड हिंदी पुस्तक दिलं. साडू आत गेले ते गुडघा घेऊन, बाहेर आले ते खिलाफत घेऊन.

या घराण्यानं म्हणे टपालाची मोठी व्यवस्था उभी केली होती. ठरावीक अंतरावर चौकी, चौकीवर ताजा घोडा, ताजा स्वार. साडू तेव्हा त्यांच्या सोसायटीचे सचिव होते. त्यांनी लगोलग मोबाइलवरचा ग्रुप बंद केला आणि निरोप मजल्यामजल्यानं वर पाठवायचा कायदा केला. पहिलाच निरोप होता, ‘टाकी धुणार, भांडी भरून ठेवा.’ चौथ्या मजल्यापर्यंत जाताजाता त्याचं ‘काकी गेल्या, फुलं आणून ठेवा’ झालं. चौथ्या मजल्यावरची मंडळी पडलेल्या चेहऱ्यानं हार घेऊन उतरली, तेव्हा तळमजल्यावरच्या काकी दारात मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी हार ठेवून घेतला, देवाला होईल म्हणाल्या. साडूंनी मात्र व्यवस्थेला दोष दिला नाही. दुसऱ्या मजल्यावरचा घोडा थकलेला आहे, एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

घरात त्यांनी त्या घराण्याच्या संस्थापकाचं धोरण चालवलं. माझ्यात आणि लोकांत एक केस जरी उरला तरी मी तो तुटू देणार नाही, त्यांनी ओढला तर मी सैल सोडीन, त्यांनी सोडला तर मी ओढीन, अशी काहीशी त्या खलिफाची ख्याती होती. साडूंनी हे सगळं ताईला समजावून सांगितलं. ताईनं त्यांच्या गुळगुळीत डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “आधी केस तर असाले पायजे.”

पण सगळ्यात मोठा धडा होता दावतीचा. उमय्यांचं राज्य गेल्यावर विजेत्यांनी त्यांच्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं आणि भर पंगतीत सोट्यांनी मारलं, हे वाचल्यापासून साडूंनी आमंत्रण या गोष्टीचा धसका घेतला. माझ्या मुलीच्या साक्षगंधाला ते दाराशी उभे राहून, पायांत जोडे ठेवून जेवले. व्याह्यांना मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग नरखेडकडच्या गावाहून त्यांचा धाकटा भाऊ आला. संत्र्याच्या बागेतल्या सामाईक विहिरीवर मोटर कोणी कधी लावायची, यावरून दोघांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. मुलीचं लग्न ठरलं, म्हणून तो पत्रिका घेऊन स्वतः आला होता. साडू आतल्या खोलीतून बाहेरच आले नाहीत. तो गेल्यावर ताईला म्हणाले, “घराणं दावतीतच संपलं होतं.” ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली. ते ऐकून साडू बराच वेळ पुस्तकाचं एकच पान धरून बसले आणि मग मला फोन करून म्हणाले, लग्नाच्या दिवशी गाडी काढ.

लग्नात त्यांनी मांडवाच्या तोंडाशी जागा धरली. समोर वडाभात होता, पाटोडीचा रस्सा होता आणि ते हात लावेनात. ताईनं दिराच्या कानात काय सांगितलं कोण जाणे. तो आला, समोर उकिडवा बसला आणि साडूंच्या ताटातला वडा मोडून त्यानं आधी स्वतः खाल्ला.

“त्या दावतीत जहर नव्हतं,” साडू गंभीरपणे म्हणाले. “सोटे होते.”

धाकटा उठला, घरात गेला आणि बागेतली वांदरं हाकलायची काठी घेऊन आला. ती त्यानं साडूंच्या हातात दिली. “हे घे दादा. घरात एवढीच आहे.”

साडूंनी काठी मांडीवर आडवी ठेवली आणि पोटभर जेवले. वाढणारे त्यांना वळसा घालून जात होते.

दुपारी पाहुणे पांगल्यावर दोघं भाऊ विहिरीच्या काठावर जाऊन बसले. मी थोडा मागे होतो. मोटरीचा विषय निघेल आणि पुन्हा बिनसेल अशी मला धास्ती होती. पण साडू त्याला गोष्ट सांगत होते. घराण्यातले दोन भाऊ जीव घेऊन पळाले, मागे घोडेस्वार, पुढे फुरात नदी. दोघांनी उडी टाकली. काठावरून शिपाई ओरडले, परत या, काही करत नाही. धाकटा दमला होता. तो मागे फिरला आणि मारला गेला. थोरला पोहत पैलतीरी लागला आणि पुढे दूर स्पेनात जाऊन त्यानं राज्य केलं.

“मोठ्या भावानं हाक नाही मारली त्याले?” धाकट्यानं विचारलं.

“मारली गा. त्यानं तर मारली.” साडू विहिरीतल्या पाण्याकडे बघत राहिले. “मीच नाही मारली.”

धाकटा जरा सरकून जवळ बसला, एवढंच.

परतताना काटोल मागे पडलं. ताईला मागच्या सीटवर डोळा लागला होता. साडू खिडकीबाहेरच्या बागा पाहत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “राज्य तर मोठं केलं त्यानं. पण दाखवाले भाऊ नव्हता.”