नानांची पन्नास माणसं

बाळ दवाखान्यातून घरी आलं तो दिवस मंगळवार. पैज अडीच किलो जिलबीची. हजर आम्ही पाच जण: मी, माझी बायको सुनंदा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली आमची मुलगी ऋतुजा, शेजारचे सांडूनाना आणि त्यांच्या पत्नी कडूबाईकाकू. सहावी आमची नात, पण ती झोपलेली होती, म्हणून तिला साक्षीदार धरलं नाही. नानांचं म्हणणं, सव्वा महिन्याच्या आत, म्हणजे चाळीस दिवसांत, हे लेकरू पन्नास जणांच्या हातात जाईल. माझं म्हणणं, आजच्या काळात पंधरासुद्धा भरणार नाहीत. पन्नास भरले तर जिलबी मी द्यायची, एकही कमी पडला तर नानांनी. मोजदाद माझ्याकडे. माझ्या वहीवर नानांचा विश्वास होता, आणि माझाही.

नाना जाऊन आता सहा आठवडे झाले. वयाच्या शहात्तराव्या वर्षी, सकाळचा चहा पिऊन, खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. माणूस गेला की त्याच्यावर गंभीरपणे लिहावं असा रिवाज आहे, पण मी वही काढून बसलो की मला हसूच येतं. त्याला माझा इलाज नाही.

गारखेड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. एकोणीस वर्षांचा शेजार. नाना मूळचे देवगाव रंगारीचे. नोकरी पशुधन पर्यवेक्षकाची, सगळी हयात कन्नड आणि गंगापूर तालुक्यांतल्या गोठ्यांत गेली. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात. दिवसभर सुटे भाग मोजायचे, केसाएवढा फरक पडला तरी बाजूला काढायचे. म्हणून नाना मला ‘मापारी’ म्हणायचे. त्यांची एक सवय मात्र माझ्यापेक्षाही काटेकोर होती. बाह्या वर सारून, लाल कार्बोलिक साबणानं, कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय ते कशालाच हात लावत नसत. अडलेल्या गाईला मोकळं करायला जाताना लागलेली सवय. निवृत्तीनंतर गाई राहिल्या नाहीत, तरी भजी खायच्या आधीही कोपरापर्यंत. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, त्यामुळे त्यांच्या एका हात धुण्याला दीड लिटर लागतं हेही मी मोजून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर वाद चालायचा, आणि बहुतेक वेळा एकाच विषयावर. बाकीची जनावरं आहेत तिथंच राहिली आणि माणूस एवढा हुशार कसा झाला? माझं उत्तर, हातामुळे. अंगठा बोटांना समोरून भिडतो, म्हणून दगड नीट धरता आला, हत्यार घडवता आलं, आणि हाताला काम मिळालं म्हणून डोकं वाढलं. सुनंदाचं उत्तर आतून, कढईवरून यायचं, “चुलीमुळे! कच्चं चावत बसला असता दिवसभर, तर विचार कधी केला असता? अजूनही बघा, पोटात पडल्याशिवाय तुमच्या दोघांची डोकी चालत नाहीत.”

नानांचं उत्तर तिसरंच. “वासरू तासाभरात उभं राहतं, मापारी. माझ्या डोळ्यांनी हजारदा पाहिलंय. पडतं, उठतं, आचळ शोधतं. अन् माणसाचं पोर? वर्षभर नुसतं गाठोडं. एकट्या मायीच्यानं ते व्हतंय का? तिला सरपण आणायचंय, पाणी आणायचंय. मग कुणाच्या तरी हातात द्यावं लागतं. आता कुणाच्या द्यायचं? कोण टाकून देईल, कोण जिवापाड धरील, हे वळखायला डोकं लागतं. अन् त्या पोरालाबी लागतं. कुणाकडं बघून हसलं म्हणजे ते आपल्याला खाली ठेवणार नाय, एवढं त्याला कळावंच लागतं. जे पोर ते शिकलं, ते जगलं. तिथून सुरू झालंय हे सगळं.”

हे त्यांचं मत होतं. ते सिद्ध झालेलं आहे असं मी म्हणत नाही. मुलीच्या मोबाईलवर मी जे काही वाचलं त्यात हातही होता, चूलही होती आणि नानांचं गाठोडंही होतं. जाणकारांचंही एकमत दिसलं नाही. पण एकदा मी नानांना चांगलंच पकडलं होतं. आम्ही वेरूळला गेलो होतो. तिथं वानरांचा कळप बसलेला, आणि एका मादीचं काळं पिल्लू दुसरी घेऊन बसली, तिच्याकडून तिसरीनं घेतलं. मी म्हणालो, “नाना, ही पण देतात की! मग ही का नाही हुशार झाली?” नाना गप्प. परतीच्या वाटेवर पूर्ण गप्प… आयुष्यात पहिल्यांदा जिंकलो म्हणून मी सर्वांना उसाचा रस पाजला. घरासमोर गाडीतून उतरता उतरता ते म्हणाले, “ती ओढून घेतात. ‘जरा धरता का, मी आलेच’ असं वानरीण कधी म्हणाली का? मागायला जीभ लागती, बाबा. तुझं काय, तुला जीभ असून उपेग नाय.”

हा टोला मला बरोबर लागला. मी कुणाला काही मागत नाही. शेजाऱ्याकडून शिडी आणायची वेळ आली तर मी शिडी विकत आणतो. याचा मला अभिमान होता, आणि नानांना त्याचंच वाईट वाटायचं. पैज दिसायला जिलबीची होती, लागली होती ती या गोष्टीवर.

त्या मंगळवारी मी फाटकावर पाटी लावली होती: ‘बाळ झोपले आहे. कृपया बेल वाजवू नये.’ अक्षर मोठं, काळ्या शाईत. नानांनी ती वाचली, काढली आणि उलटी करून पुन्हा अडकवली. मागची बाजू कोरी होती. मी डॉक्टरांचं सांगणं ऐकवलं की गर्दी नको, आणि हात स्वच्छ हवेत. “मग हात मी बघतो,” नाना म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या फाटकाजवळच्या, टाकीला जोडलेल्या नळापाशी खुर्ची टाकून बसले. येईल त्याला कोपरापर्यंत साबण. ज्याचं नाक वाहत असेल त्याला तिथूनच परत. माझ्या मेहुण्याला त्यांनी शिंक आली म्हणून घरी पाठवलं. तो गंगापूरहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आला होता.

नियम मी घातला होता: घरातली माणसं धरायची, पण बाळाच्या आईनं आपणहून दिलं तरच मोजायचं, हौसेनं उचलून घेतलेलं धरायचं नाही. पहिल्या आठवड्यात आकडा नऊ. मी खूश. पण ऋतुजाचा चेहरा उतरलेला. बाळ दिवसा झोपायचं नाही आणि ती मांडीवरून खाली ठेवायची नाही. एका दुपारी ती घास हातात धरून तशीच रडत बसलेली मला दिसली. मी काय करावं ते न कळून पंखा वाढवला. नळावरून नानांनीही पाहिलं होतं. ते उठले आणि समोरच्या सलीमभाईंच्या घरी गेले. सलीमभाई रिक्षा चालवतात. ते आले, कोपरापर्यंत हात धुतले आणि ऋतुजासमोर उभे राहिले. “लाओ बेटा, मेरेकु दो. पाँच पोट्टे सँभाले मैं. तू आरामसे खा.” ऋतुजानं एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं… आणि दिलं. बाळ त्यांच्या खांद्यावर दहा मिनिटांत झोपलं. ऋतुजा दोन भाकरी जेवली. मी वहीत दहावं नाव लिहिलं, आणि पैज हरण्याचं भय मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

मग आकडा चढतच गेला. कामाच्या बाई आणि त्यांची जाऊ. नानांच्या भावकीतल्या चार बायका, देवगावहून मेथीचे लाडू घेऊन आलेल्या. गल्लीतल्या देशपांडेबाई, ज्यांच्याशी आमचं पार्किंगवरून तीन वर्षं बोलणं नव्हतं. त्या आल्या, हात धुतले, बाळ घेतलं आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, “नाक आजोबांवर गेलंय, स्वभाव न जावो.” नाना नळापाशी इतके हसले की ठसका लागला. बाळ कुणाच्याही हातात टुकूटुकू बघायचं. ऋतुजा दुपारी झोपायला लागली, तिच्या गालांवर रंग आला, आणि मी वहीत मुकाट्यानं नावं चढवत राहिलो. बत्तीस, एकेचाळीस, एकोणपन्नास.

एकोणपन्नासवर गाडी अडली. छत्तिसावा दिवस गेला, सदतिसावा गेला. नव्या माणसाचा पत्ता नाही. नाना म्हणायचे, “जीप भरून आणू का गंगापूरहून?” मी म्हणायचो, “आणा, दिवस तीनच राहिलेत.” पण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की पन्नासावा माणूस घरातच आहे. मी बाळाला घेतलं नव्हतं. मान धरेपर्यंत लेकराला मी हातात घेत नाही. ऋतुजालाही चार महिन्यांची होईपर्यंत घेतलं नव्हतं. कारखान्यात हजार नाजूक भाग हाताळले, पण ती लटकणारी मान पाहिली की माझे हात थिजतात. नाना वही मागून घ्यायचे, नावांवरून बोट फिरवायचे आणि माझ्याकडे बघायचे. “लई माणसं झाली रे,” एवढंच म्हणायचे. ‘तू घे’ म्हणाले असते तर मी कदाचित नाही म्हणालो असतो. त्यांनी म्हटलं नाही.

अडतिसाव्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून काकूंची हाक आली, “सुनंदा, इकडं ये गं… हे बोलंनात.” सुनंदा धावली, मी धावलो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अर्ध्या तासात सगळी गल्ली नानांच्या घरी जमली. सलीमभाई रिक्षा घेऊन डॉक्टरांना आणायला गेले, देशपांडेबाई काकूंना धरून बसल्या. देवगावला फोन करायला मी घरी आलो. आत ऋतुजा एकटी, डोळे पुसत उभी, बाळ रडत होतं. महिनाभर ज्यांनी ज्यांनी धरलं, ते सगळे हात त्या घटकेला शेजारच्या घरी होते. “बाबा,” ती म्हणाली, “जरा धरता का? मला काकूंना भिंतीवरून तरी बघू द्या.”

मी नळावर गेलो. खुर्ची तिथंच होती. साबणाची वडी झिजून बोटाएवढी राहिली होती. कोपरापर्यंत हात धुतले. मग बाळाला घेतलं, मानेखाली पंजा देऊन, मोजून मापून. नात रडायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हसली. या वयातलं हसू खरं नसतं, नुसतं तोंड हलतं, असं मी वाचलेलं आहे. असेल. मी मात्र तिला त्यानंतर पाऊण तास खाली ठेवलं नाही.

त्या संध्याकाळी वहीत पन्नासावं नाव लिहिलं. माझं. मी लिहिलं नसतं तर कुणाला कळलं नसतं, पण वही माझी होती.

चौदाव्या दिवशी, गोड जेवणाला, मी अडीच किलो जिलबी तोलून घेतली. एका हातात खोका, दुसऱ्या हातावर नात. आता ती माझ्याकडे बिनबोभाट राहते. नानांच्या फाटकाची कडी काढायला तिसरा हात नव्हता. काकू ओसरीवर बसल्या होत्या, तेरा दिवसांत त्या फारशा बोलल्या नव्हत्या. मी बाहेरून म्हणालो, “काकू, जरा धरता का?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “काय धरू? जिलबी का पोर?”

“पोर.”

“आता बोललास व्हय रे, मापारी,” त्या म्हणाल्या, आणि नाना गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. “थांब पण. आधी हात धुते.” आणि त्या उठून नळाकडे गेल्या, बांगड्या मागं सारल्या, आणि लाल साबणानं सावकाश, कोपरापर्यंत…

पोर दिलं, आणि मग जिलबीही मी त्यांच्या स्वाधीन केली. त्यांनी ती वाटली, वहीतल्या पन्नास जणांना एकेक, त्यातली नानांची त्यांच्या फोटोपुढे. पन्नासावी माझ्या वाट्याची होती. हरलेल्यानं खावी की नाही, याचा नियम आम्ही केलेला नव्हता, म्हणून खाल्ली. संपली की साबणाची नवी वडी आता मी आणतो. ती आमच्या फाटकाजवळच्या नळावर असते, आणि पाटी कोऱ्या बाजूनं लटकते.